उशिरा चालणारी, उशिरा बोलणारी लेक आणि मुंबईतल्या थेरप्या

भांडुपकरीण

बाळांच्या वाढीवरच्या जुन्या धाग्यात दोघी-तिघींनी फिजिओ आणि स्पीच थेरपीबद्दल विचारलं होतं. तिथे लिहिलं तर विषयांतर होईल म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

लेक आता दोन वर्षं सात महिन्यांची आहे. इथे तिला मनू म्हणते. जन्म चौतिसाव्या आठवड्यात, त्यामुळे पहिली दोन वर्षं डॉक्टर तिचं वय सहा आठवडे वजा करून मोजायचे. हे वजा करणं घरातल्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. सासूबाईंच्या मते वाढदिवस तो वाढदिवस.

दीड वर्षाची झाली तरी मनू स्वतःची स्वतः चालत नव्हती. दिवाणाला धरून बाजूबाजूने सरकायची आणि हात सुटला की बसकण मारायची. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास छापला, भारतही त्यात होता. त्यात आधाराशिवाय चालण्याचा पट्टा ८.२ ते १७.६ महिन्यांचा आहे. म्हणजे वजा केलेल्या वयानेही मनू पार टोकाला. बालरोगतज्ज्ञांनी काखेत हात घालून तिला उचललं, तर हातातून निसटते की काय असं वाटावं इतकी सैल. स्नायूंचा ताण कमी, सांधे जरा जास्तच लवचीक. रक्त तपासलं. थायरॉइड आणि बी१२ ठीक, लोह आणि ड जीवनसत्त्व कमी. औषधं सुरू झाली, फिजिओची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच्या खाली आणखी एक ओळ होती : ऐकण्याची तपासणी.

दुखणं पायाचं आणि तपासणी कानाची, हे घरी समजावताना माझी दमछाक झाली. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. बोलायलाही उशीर होतोय, आणि बोलण्याबद्दल पुढे काहीही ठरवायच्या आधी कान तपासायचेच.

त्यासाठी आम्ही वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेत गेलो. १९८३ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे, खासगीच्या मानाने खर्च किरकोळ. शिकणारी मुलं वरिष्ठांच्या देखरेखीखाली तपासतात, त्यामुळे वेळ लागतो, पण घाई कुणी करत नाही. पहिली तपासणी, ओएई, कानात छोटी नळी घालून काही मिनिटांत होते. एका कानाचा निकाल स्पष्ट येईना म्हणून बेरा, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघणारी तपासणी, करायला सांगितलं. बेरा करताना मूल झोपलेलं लागतं. म्हणजे सकाळपासून तिला जागं ठेवायचं आणि तिथे पोचल्यावर झोपवायचं. सेंट्रलच्या लोकलमध्ये मांडीवरचं मूल झोपू न देणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. दोन्ही कान व्यवस्थित निघाले.

फिजिओ बाईंनी पहिल्याच दिवशी वॉकर माळ्यावर टाकायला लावला. (कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे. आपल्याकडे बारशाला भेट म्हणून येतो.) मग जे शिकवलं ते सगळं घरातल्याच वस्तूंवर. जेवायच्या पाटावर चढणं आणि उतरणं. जमिनीवरून उठताना एक गुडघा टेकवून, दुसरं पाऊल पुढे टाकून उभं राहणं. आधी ती दोन्ही हातांनी दिवाण ओढून उभी राहायची, त्यात पायांना कामच नव्हतं. खाली सांडलेल्या बटाट्यांना उकिडवं बसून उचलून टोपलीत टाकणं. ढकलगाडीत तांदळाचा डबा ठेवून ती पॅसेजभर ढकलणं, कारण रिकामी गाडी पुढे पळते आणि मूल तोंडावर आपटतं. घोटे आत कलत होते म्हणून बाहेर जाताना आधाराचे बूट, घरात मात्र अनवाणी.

विसाव्या महिन्यात तिने हात सोडला, तोही लिफ्टच्या बटणासाठी. आमच्या मजल्यावर लिफ्ट आली की बटण दाबायचा मान तिचा, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

चालायला लागली त्या सुमारास नवे शब्द येणं थांबलं. फिजिओ बाई म्हणाल्या, मोठं काही एक शिकत असताना दुसरं थोडा वेळ थबकतं, घाबरू नका. पण आधी येत असलेले शब्द जायला लागले तर तो मामला वेगळा, लगेच कळवा. तसं झालं नाही. दुसऱ्या वाढदिवसाला आई, मंमं, भू, नाय, जीजी आणि आणखी दोन-तीन, एवढाच साठा होता. समजायचं मात्र सगळं. ‘बाबांची चप्पल आण’ म्हटलं की बाबांचीच आणायची. हवं ते बोटाने दाखवायची, डोळ्यांत बघायची.

स्पीचसाठी आधी घराजवळच्या एका केंद्रात गेलो. आठवड्यातले पाच दिवस, तीन महिन्यांचं पॅकेज, पैसे आगाऊ. आईबाबांनी दाराबाहेर बसायचं. आत काय चालतं विचारलं तर मला कार्डांचा गठ्ठा दाखवला : ॲपल, बॉल, कॅट. वर सल्ला, घरी एकच भाषा बोला, शक्यतो इंग्लिश, पुढे शाळेत बरं पडेल. आमच्या घरात आजी-आजोबा मालवणी वळणाचं मराठी बोलतात, सांभाळायला येणाऱ्या ताई हिंदी बोलतात. इंग्लिशमध्ये या पोरीशी बोलणार कोण? ते केंद्र सोडलं.

दुसऱ्या बाई मराठीत काम करणाऱ्या मिळाल्या. त्यांनी मनूला तपासायच्या आधी आमच्या रात्रीच्या जेवणाचा व्हिडिओ मागवला. तो बघून म्हणाल्या, हिला बोलायची गरज कुठे पडते? आणि खरंच, मनूने फ्रिजकडे नुसतं बघितलं की चार माणसं उठतात.

तेव्हापासून घर बदलतंय. खाऊचा पारदर्शक, घट्ट झाकणाचा डबा तिच्या हातात द्यायचा. उघडत नाही म्हणून ती घेऊन येते. मग ‘उघड?’ म्हणायचं आणि थांबायचं. केळ्याचा एकच काप द्यायचा आणि थांबायचं. ‘अजून’ असं आपण म्हणायचं, पुन्हा थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड. सासूबाईंना नातवंडाला उपाशी ठेवल्यासारखं वाटतं. त्यांना मी मनात पाच आकडे मोजायला सांगितलंय, त्या तीनपर्यंत पोचतात. शब्द निवडलेत तेही कामाचे : दे, नको, अजून, उघड, संपलं, वर, चल. रंग आणि फळं नंतर. ‘म्हण आई, म्हण काका’ ही पाहुण्यांसमोरची परीक्षा पूर्ण बंद.

आज ती ‘बाबा चल’, ‘पाणी नको’, ‘अजून पोई’ (पोळी) असं दोन-दोन शब्द जोडून बोलते. कठडा धरून जिना चढते, उतरताना अजून बसून उतरते. उडी मारता येत नाही. स्पीच आठवड्यातून एकदा, फिजिओ पंधरवड्यातून एकदा.

केंद्र निवडताना मी आता एकच गोष्ट बघते. तिथून बाहेर पडल्यावर ‘या आठवड्यात घरी काय करायचं’ हे मला घरातल्या बाकीच्यांना सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर ते सत्र आमच्या कामाचं नाही, मग ते कितीही रंगीबेरंगी खोलीत होवो.

बाकीच्यांचे अनुभव लिहा.

दादर_टीटी

वाचनखूण साठवली. बेरासाठी जागं ठेवण्यावर एक स्वतंत्र धागा व्हायला हवा. आम्ही टॅक्सीच्या खिडक्या उघड्या टाकून पोराच्या तोंडावर वारा घेत गेलो होतो. पोचल्यावर जो टक्क जागा झाला तो संध्याकाळपर्यंत.

सडेतोड

रोष पत्करून लिहितो. माझा भाचा साडेतीन वर्षांपर्यंत अक्षर बोलला नव्हता. आज त्याला गप्प करायला चॉकलेट द्यावं लागतं. आमच्या पिढीत प्रत्येक वाड्यात असं एखादं मूल असायचंच. हल्ली दोन वर्षांच्या मुलाला तीन थेरप्या लावतात आणि आईबाप ईएमआय भरल्यासारखे फिया भरतात. थोडी वाट बघायला काय हरकत आहे?

वाचाताई

मी वाचा-भाषा तज्ज्ञ आहे, ठाण्यात काम करते. सडेतोड यांच्याशी अर्धी सहमत आहे.

उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात, हे खरंच आहे. अडचण अशी की दोन वर्षांच्या मुलाकडे बघून ते कोणत्या गटातलं आहे हे आधी छातीठोक सांगता येत नाही. अंदाज बांधायला काही खुणा असतात. बोललेलं कळतं का, बोट दाखवतं का, ‘टाटा’, ‘ये’, ‘नको’ अशा खुणा करतं का, खोटं खोटं जेवण बनवून बाहुलीला भरवतं का, घरात कुणाला भाषेची अडचण होती का. मनूच्या बाबतीत यातलं बरंचसं चांगल्या बाजूला होतं, म्हणून तिला आठवड्यातून एकदा पुरतंय. दुसऱ्या मुलाला पुरेलच असं नाही. आणि तुमच्या भाच्याच्या वेळी कुणी कान तपासले नसतील तर ते नशिबावर सोडलेलं होतं.

वाट बघायची असेल तर तपासून घेऊन बघावी. वर्ष झालं तरी बाबाबा-दादादा अशी बडबड नाही, सोळा महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना स्वतःचे दोन शब्द जोडत नाही, दीड वर्षाला चालत नाही, यातलं काहीही असेल तर दाखवा. आणि कोणत्याही वयात आलेली गोष्ट गेली, शब्द असो की नजर, तर पुढच्या लसीपर्यंतही थांबू नका.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये त्यांच्या यादीत पन्नास शब्दांचा टप्पा तीस महिन्यांवर ठेवला. त्यावरून ‘आता मर्यादा वाढवली, अजून वेळ आहे’ असं पालक मला सांगतात. त्या यादीत चारातली तीन मुलं ज्या वयापर्यंत एखादी गोष्ट करतात ते वय दिलंय. तोवर नाही झालं तर विचारा, असा तिचा हेतू आहे.

शब्द मोजताना मंमं, भू, भुर्र, गाई, चिऊ हे सगळे धरायचे. मूल ठरावीक गोष्टीसाठी तोच आवाज वापरत असेल तर तो शब्द. आजीकडून शिकलेला ‘दे’ आणि सांभाळणाऱ्या ताईंकडून आलेला ‘दो’ दोन्ही धरा. एकापेक्षा जास्त भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलतं, हा समज चुकीचा आहे आणि ‘घरची भाषा सोडा’ हा सल्ला तर नुकसानीचाच. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गप्पा मारता त्याच भाषेत मुलाशी बोला.

सडेतोड

तपासणीला माझी ना नाही. मला राग येतो तो पाच दिवसांच्या पॅकेजचा. तेवढं दुरुस्त करून घ्या.

भांडुपकरीण

@सडेतोड, त्या रागात मी तुमच्यासोबत आहे. पण भाच्याच्या उदाहरणावर आमच्या घरी सहा महिने चर्चा झाली होती हो. प्रत्येक घरात असा एक भाचा असतो.

माटुंग्याची_आजी

मी आजी आहे, मला फार टंकता येत नाही, सांभाळून घ्या. आमच्या नातवाला मी वेखंड उगाळून चाटवणार होते, सुनेने नको म्हटलं. पिंपळाच्या पानावर गरम भात वाढला की जीभ सुटते असं माझी सासू म्हणायची. तुम्ही हसाल. पण मालिश तरी चालते ना? आणि जीभ खाली चिकटलेली असेल तर कापून घ्यावी असं शेजारच्या बाईंनी सांगितलंय.

एक मात्र सांगते. आमची मुलं चाळीच्या गॅलरीत वाढली. दहा पोरं दिवसभर ओरडत असायची. आता चौदाव्या मजल्यावर एक मूल आणि एक टीव्ही.

वाचाताई

आजी, तुम्ही छान लिहिलंय. वेखंडाने बोलणं येतं याला आधार नाही, आणि पोटात काही द्यायचं असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोच. पिंपळाच्या पानावर भात वाढा की, स्वच्छ धुऊन घ्या फक्त. भात वाढताना ‘पान, हिरवं पान, भात गरम, फू फू कर’ असं बोलत राहिलात तर त्या बोलण्याचा उपयोग होईल. मालिश करतानाही तेच, ‘हा हात, आता पाय’.

जीभ चिकटलेली असली तर दूध ओढायला किंवा पुढे काही उच्चारांना त्रास होऊ शकतो. मूल शब्दच बोलत नाही याचं ते कारण नसतं. नुसत्या त्या कारणासाठी कापू नका. तसंच शिट्ट्या वाजवणं, फुगे फुगवणं, स्ट्रॉने पिणं यांनी बोलणं येतं असं सांगून कुणी तासच्या तास तेच घेत असेल तर प्रश्न विचारा. बोलणं बोलण्यानेच येतं. ‘र’ चा ‘ल’ होणं, ‘लेल्वे’ म्हणणं, हे या वयात अगदी चालतं. त्याला थेरपी लागत नाही.

टीव्हीबद्दल तुम्ही बरोबर बोललात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत वर्षाच्या मुलाला स्क्रीन नको आणि दोन वर्षांनंतर दिवसाला तासाहून जास्त नको, असं आहे. जेवताना मोबाइल लावून भरवणं हा मुंबईतला मोठा रोग आहे, कारण दिवसातला बोलायचा सगळ्यात चांगला अर्धा तास त्यात जातो.

चर्चगेट_फास्ट

बाबा लिहितोय. आमचा मुलगा जन्मल्यावर रुग्णालयातच ओएई झाली होती, निकाल ‘पास’. त्यामुळे आम्ही निर्धास्त. दार आपटलं की दचकायचा, प्रेशर कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराकडे बघायचा. तरी दोन वर्षांना शब्द नाहीत. बेरात दोन्ही कानांनी मध्यम प्रमाणात कमी ऐकू येतं असं निघालं. नंतर कळलं की काही मुलांचं ऐकणं जन्मानंतर कमी होत जातं. शिवाय मोठे, जाड आवाज ऐकू येतात आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ सारखे बारीक आवाज निसटतात, त्यामुळे मुलाला शब्द अर्धेमुर्धेच पोचतात. टाळी वाजवून घरी केलेल्या परीक्षेवर विसंबू नका, एवढं सांगायला लॉगइन केलंय.

त्याला आता दोन्ही कानांना यंत्रं आहेत. पहिले काही आठवडे तो ती काढून वरणात टाकायचा. आता सकाळी स्वतः मागतो. वाक्यं बोलतो, थोडं नाकात. ज्या मुलांना यंत्राने पुरत नाही त्यांच्यासाठी केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना उपकरणं देणारी) कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र, मिळतं, आणि त्याचं काम रेक्लमेशनच्या संस्थेकडूनच चालतं. लहान वयातच विचारणा करावी, योजनेत वयाची अट आहे.

फिजिओ_मुलुंड

धागा छान. माझ्या विषयातलं थोडं.

भांडुपकरीण यांनी आधाराच्या बुटांचं लिहिलंय, ते वाचून कुणी थेट दुकान गाठू नये. लहान मुलांचे तळवे सपाट दिसतातच, तिथे चरबीची गादी असते. बहुतेकांना बूट, इनसोल काही लागत नाही. मनूचे सांधे सैल होते, घोटे कलत होते, कुणीतरी तपासून सांगितलं म्हणून तिला दिले. बोटं मोकळी राहतील असा मऊ तळव्याचा साधा बूट बाकीच्यांना बास.

‘रांगलाच नाही, सरळ उभा राहिला’ याची भीती खूप येते. वर उल्लेख आलेल्या अभ्यासातही चार टक्क्यांच्या आसपास मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नव्हती. बुडावर सरकणारी मुलं मात्र थोडी उशिरा चालतात, आणि एकाच हाताचा किंवा एकाच पायाचा वापर दिसला तर दाखवावं. वर्षाच्या आत उजवा-डावखुरा ठरत नसतो. एक हात सतत मुठीत असेल तर ते ‘डावखुरा आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

पाय मागे फाकवून, इंग्रजी डब्ल्यूसारखं बसणं : सैल सांध्यांच्या मुलांना ती बैठक सोयीची वाटते, कारण त्यात तोल सांभाळावा लागत नाही. ओरडू नका. मांडी घालून बसवा किंवा छोट्या स्टुलावर बसवा. अधूनमधून बसलं तर बिघडत नाही.

मुंबईत मुलांना जमीन मिळत नाही हे माझं रोजचं रडगाणं. घरात सगळीकडे गुळगुळीत टाइल्स, खाली पेव्हर ब्लॉक आणि गाड्या. वाळू, गवत, उतार यांवर चालल्याशिवाय तोल पक्का होत नाही. शिवाजी पार्कची माती, जुहू-गिरगावची वाळू, इमारतीतला गाड्यांचा रॅम्प, जे हाताशी असेल ते वापरा. स्टेशनचे जिने गर्दी नसताना उत्तम व्यायामशाळा आहेत. (गर्दी नसताना म्हणजे कधी, ते विचारू नका.)

नवीन_कांदिवली

सगळ्यांचं वाचून धीर आला म्हणून लिहिते. मुलगा २२ महिन्यांचा. चालायला वेळेवर लागला, पण बऱ्याचदा चवड्यांवर चालतो. गाडी खेळत नाही, उलटी करून चाकं फिरवत बसतो. वर्षाचा असताना ‘बाबा’ आणि ‘पापा’ (पाणी) म्हणायचा, ते आता म्हणत नाही. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. बोट दाखवत नाही, माझा हात धरून नेतो. घरचे म्हणतात मुलगे उशिरा बोलतात, नवरा म्हणतो गूगल बंद कर. कुठून सुरुवात करू?

वाचाताई

नवीन_कांदिवली, फोरमवर कुणी निदान करू नये आणि मी करणार नाही. पण होते ते शब्द गेलेत आणि बोट दाखवणं नाही, एवढ्यावर थांबू नये असंच मी माझ्या बहिणीलाही सांगितलं असतं. या आठवड्यात दोन कामं करा. कानांची तपासणी, आणि मुलांच्या वाढ-विकासाच्या डॉक्टरांची वेळ. मुंबईत वाडिया बालरुग्णालय, नायरचं लहान मुलांसाठीचं शीघ्र उपचार केंद्र, २००१ पासून काम करणारी ‘उम्मीद’ संस्था, असे पर्याय आहेत. वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी नाव घाला. जिथे आधी मिळेल तिथे जा.

तोपर्यंत थांबून राहायची गरज नाही. निदानाचा कागद हातात येईपर्यंत थेरपी सुरू करू नये असा काही नियम नाही. तो चाकं फिरवत असेल तर गाडी हिसकावून सरळ करून दाखवू नका. शेजारी बसा, तुम्हीही एक चाक फिरवा, ‘गर्र गर्र… थांब!’ म्हणा. त्याने तुमच्याकडे बघितलं की पुन्हा. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द सोडून थांबा. हात धरून नेतो तेव्हा त्या वस्तूकडे तुम्ही बोट दाखवा, नाव घ्या, मग द्या.

गोरेगाव_पूर्व

नवीन_कांदिवली, माझ्या मुलीला अडीच वर्षांची असताना ऑटिझमचं निदान झालं, आता ती सहा वर्षांची आहे. तुमच्या मुलाचं तसंच असेल असं नाही. पण असलंच तर कागदपत्रांचं आधीच माहीत असलेलं बरं, म्हणून लिहिते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो. बिलं जपून ठेवा, बिलावर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा मुलं तपासतं, तिथून पुढची चिठ्ठी मिळते. इमारतीत राहणाऱ्यांना अंगणवाडी आपली वाटत नाही, पण ती सगळ्यांसाठीच आहे.

माझी मुलगी अजूनही चार-पाच शब्दांचीच वाक्यं बोलते. चित्रांच्या वहीतून बरंच सांगते. वही दिली तर बोलणार नाही, असं आम्हाला नातेवाइकांनी घाबरवलं होतं. झालं उलटंच, आधी वहीवर बोट ठेवायची, मग बोट ठेवून म्हणायला लागली.

दादर_टीटी

नोंदणी क्रमांक म्हणजे नक्की कोणता?

वाचाताई

वाचा-भाषा तज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असावे लागतात, १९९२ चा कायदा आहे त्याचा. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी महाराष्ट्राची वेगळी परिषद आहे. क्रमांक मागितला म्हणून कुणी नाराज होत असेल तर तेही उत्तरच आहे. पहिल्या भेटीत हेही विचारा की पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय साधायचंय. ‘बोलणं सुधारेल’ हे उत्तर धरू नका. ‘स्वतःहून पाच गोष्टी मागेल’ असं काही मोजता येण्यासारखं हवं.

परळची_वहिनी

नोकरी सांभाळून हे सगळं जमवता कसं? सरकारी ओपीडी सकाळची, ऑफिस साडेनऊचं. खासगीत एका सत्राला हजाराच्या आसपास जातात.

भांडुपकरीण

जमत नाही, खरं तर. फिजिओची वेळ शनिवारी आहे, ती नवऱ्याकडे. स्पीचला मी बुधवारी ऑफिसला उशिरा जाते, त्या बदल्यात संध्याकाळी उशिरा सुटते. साहेबांना स्पष्ट सांगितलंय. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेतही दाखवलं होतं. १९५५ पासूनची सरकारी संस्था, तपासणी नीट झाली. पण भांडुपहून दर आठवड्याला जाणं शक्य नव्हतं. म्हणून तिथून व्यायाम लिहून आणले आणि रोजचं काम जवळच्या बाईंकडे.

आणि सांभाळणाऱ्या ताईंना सोबत घेऊन गेले एका सत्राला. मी घरी नसते तेव्हा दिवसभर मनू त्यांच्याकडे असते. त्या हिंदीतच बोलतात, ‘और चाहिए?’ म्हणून थांबतात. सासूबाईंपेक्षा त्यांना थांबणं जास्त जमतं. हे सासूबाईंना सांगू नका, त्या या फोरमवर नाहीत.

माटुंग्याची_आजी

आम्ही असतो सगळीकडे.

नवीन_कांदिवली

सगळ्यांचे आभार. वाचाताई, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचायला दिली. तो काही बोलला नाही, पण वांद्र्याला जायला सुट्टी टाकलीय. विकासाच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळालीय, दुसरीकडेही नाव घातलंय. सोबत काय नेऊ?

वाचाताई

जन्माच्या वेळचा डिस्चार्ज कागद, लसीकरणाचं कार्ड (महापालिकेच्या दवाखान्यातलं माता-बाल कार्ड असेल तर त्यात टप्प्यांची पानं आहेत, ती भरून न्या), आधीचे रक्ताचे रिपोर्ट. कानांच्या तपासणीला सर्दी असेल तर आधी फोन करून विचारा, कानात पाणी साठलेलं असलं तर निकाल बिघडतो. खाऊ, एक जादा कपड्यांचा जोड, त्याची ती गाडी.

आणि व्हिडिओ. जुने, तो ‘बाबा’ म्हणायचा तेव्हाचे, आणि आत्ताचे. दोन-तीन मिनिटांचे पुरतात. जेवताना, खेळताना, हाक मारल्यावर. दवाखान्यात मुलं रडतात किंवा गप्प बसतात, घरचं मूल डॉक्टरांना दिसत नाही. काढताना ‘बोल ना, बोल ना’ करू नका, नेहमीसारखा राहू द्या त्याला.

नवीन_कांदिवली

जुने आहेत भरपूर, आजोबांच्या फोनमध्ये. आज रात्री मागवते.